चालत किती मिनिटं?

डॅलसशेजारच्या मेरिडेलात भाड्याची जागा हवी असेल तर मिस नेल्डाला गाठायचं, हे एके काळी पोस्टमनपासून शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नेल्डा प्रूइट; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस'च म्हणतात. उंच, हाडापेराने मजबूत, ओठांना कायम लाल लिपस्टिक, आणि हाताशी होडीएवढी लांब तपकिरी ब्यूइक. बाईला त्या गाडीच्या बाहेर पाहिलेली माणसं फार थोडी. जेवण गाडीत, हिशेब गाडीत, नवऱ्याशी शेवटचं भांडणसुद्धा गाडीतच झालं आणि तो वाटेत सिग्नलला उतरून गेला तो गेलाच, असं ती स्वतःच हसत सांगायची.

डॅलसला नोकरी आणि खिशात बेताचे डॉलर, अशा माणसांना जागा शोधून द्यायची हा तिचा धंदा. भाडेकरूकडून ती एक सेंट घ्यायची नाही, कमिशन कॉम्प्लेक्सवाले द्यायचे. पण म्हणून त्यांची तळी उचलायची नाही हं. कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात शिरण्याआधी ती पार्किंगला एक संथ फेरी मारायची. "आतल्या पोरी गोड बोलायलाच बसवल्यात," ती म्हणायची. "पार्किंगला गोड बोलता येत नाही." कामाच्या दिवशी सकाळी पार्किंग रिकामं असलं म्हणजे माणसं पोटापाण्याला लागलेली. महिनोन् महिने टायर बसलेल्या गाड्या तशाच पडून असल्या म्हणजे मॅनेजर झोपलेला. आणि ऑगस्टातल्या दुपारी ती गिऱ्हाइकाला उतरवून पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावायला सांगायची. हात चटकन मागे आला की म्हणायची, "चल, बस गाडीत. इथे अर्धा पगार एसीला जाईल."

कॉम्प्लेक्सांची नावं काय एकेक. सायप्रस क्रीक, विलो रन, फॉक्स हॉलो. सायप्रसचं झाड नाही, ओढा नाही, आणि कोल्हा तर कुणाच्या बापाने पाहिला नव्हता. पण नेल्डाने त्या रुक्ष विटांच्या डब्यांत शेकडो संसार लावून दिले. कुणाच्या पोराच्या बारशाला, म्हणजे आमच्याकडच्या बाप्तिस्म्याला, ती पहिल्या बाकावर बसलेली असायची. वाटेत कुठल्याही दारापुढून गेली की हॉर्न वाजवायची आणि आतून कुणीतरी हात करायचं. तो हॉर्न ज्यांनी ऐकलाय त्यांना अजून आठवतो. आता तशी गाडीही नाही आणि तसा हॉर्न वाजवणारंही कुणी नाही.

कारण मिस नेल्डाचे डोळे गेले. पूर्ण नाही, कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. डॉक्टरने लायसन्स परत करायला सांगितलं तेव्हा ती त्याच्याशी तासभर हुज्जत घालून आली आणि मग स्वतःच जाऊन देऊन आली. ब्यूइक एका हौशी माणसाने ट्रकवर चढवून नेली. ती दारात उभी राहून बघत होती, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ उभी होती, कारण मधलं तसंही तिला दिसत नव्हतं.

त्यावर कडी म्हणजे विलो रन विकलं गेलं. तिथे ती एकोणीस वर्षं राहत होती. नव्या मालकांनी दारं करडी रंगवली, तरणतलावाभोवती चार छत्र्या लावल्या आणि नव्या कराराचं भाडं असं सांगितलं की नेल्डाचं पेन्शन त्यातच खलास. जुलैअखेर जागा सोडायची. ओहायोहून मुलीचा, जनीनचा, फोन रोजचाच झाला.

"आई, हट्ट पुरे. इथे तळघरातली खोली रिकामीच आहे."

"तळघरात बटाटे ठेवतात, जनीन."

"तिथे तुला दूध आणायला तरी जाता येतं का? गाडी नाही, दिसत नाही. सांग ना."

दूध आणायला जाता येत नव्हतं, आणि हीच खरी बोच होती. जुलैअखेरपर्यंत परवडेल अशी आणि गाडीवाचून जगता येईल अशी जागा मिळाली तर मेरिडेल, नाहीतर ओहायोचं तळघर. तसं तिने मुलीला कबूलही करून टाकलं होतं.

मदतीला आली मॅरिबेल ओचोआ. वीसेक वर्षांपूर्वी ही पोरगी दोन कच्चीबच्ची घेऊन नेल्डाच्या मागच्या सीटवर रडत बसली होती. गावात नवी, बँकेत पत नाही, कुणी दारात उभं करेना. नेल्डा एका मॅनेजरच्या ऑफिसात ठाण मांडून बसली आणि तो माणूस वैतागून सही करेपर्यंत उठली नाही. आता मॅरिबेल दातांच्या दवाखान्यात कामाला होती, बुधवारी तिला सुट्टी. दर बुधवारी ती अंड्याचे टाको फॉइलमध्ये गुंडाळून आणायची आणि दोघी निघायच्या.

"तुम्ही मागे बसा, मिस नेल्डा. माझी सीट होती ना ती," मॅरिबेलने पहिल्याच दिवशी चेष्टा केली.

"मी मेले तरी मागे बसणार नाही," म्हणत नेल्डा पुढे बसली आणि दिसत नसताना रस्ता सांगायला लागली. "डावीकडे घे. आता टायरवाला येईल. आला? त्याच्या पुढे उजवी."

"टायरवाला जाऊन चार वर्षं झाली. तिथे आता गाडी धुतात."

"धुवोत. वळण तेच आहे ना?"

वळण तेच होतं. पण भाडी तीच नव्हती. मॅरिबेल फोनवर बघून जागा वाचून दाखवायची आणि आकडा ऐकला की नेल्डा नुसती "हं" करायची. जिथे एके काळी पहिला महिना फुकट द्यायला मॅनेजर तिच्या मागे लागायचे, तिथे आता पोरसवदा मुली फॉर्म पुढे सरकवत होत्या आणि तिला ओळखतही नव्हत्या. एकीने तर तिला विचारलं, "आजी, तुम्ही आधी कधी भाड्याने राहिला आहात का?" मॅरिबेलला हसू आवरेना. नेल्डाने टाकोचा घास गिळला आणि म्हणाली, "थोडंफार."

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला तेव्हा कुठे कॉटनवुड टेरेसमध्ये एक खोली परवडेलशी निघाली. तळमजला, पूर्वेची खिडकी, भिंत गार. नेल्डाने हात लावून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

"आणि किराण्याचं दुकान समोरच आहे," ती म्हणाली. "मी हे कॉम्प्लेक्स कितीजणांना दिलंय. दोन मिनिटं. चल, सही करते."

"तुम्ही जाल कशा पण?"

"अगं, समोर आहे म्हणते ना."

"मग जाऊन दाखवा," मॅरिबेल म्हणाली. दोन पोरं एकटीने वाढवलेली बाई, तिला शब्दांवर विसंबायची सवय नव्हती.

आता आमच्या मेरिडेलात अंतर मैलांत कुणी सांगत नाही, मिनिटांत सांगतात, आणि मिनिटं कसली हे कुणी विचारत नाही. विचारायचं काय त्यात? जन्माला आलेलं मूलसुद्धा दवाखान्यातून गाडीच्या सीटला बांधूनच घरी येतं. तेव्हा नेल्डा पर्स घेऊन ऐटीत फाटकाबाहेर पडली आणि थबकली. फुटपाथ नव्हता. वाळकं गवत होतं, पुढे उतार, उताराखाली पावसाच्या पाण्याचा चर. चर ओलांडून ती रस्त्याच्या कडेला आली. सहा पदरी रस्ता. सिग्नल कुठेतरी दूर, आणि त्या सिग्नललाही चालत रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी बटण नव्हतं. पलीकडे दुकानाची लाल पाटी तिला डोळ्याच्या कडेने दिसत होती, पण ती जणू नदीपलीकडे होती. गाड्यांचा वारा अंगावर येत होता. लिपस्टिक लावलेली ती उंच बाई पर्स छातीशी धरून तिथे उभी राहिली.

एक पिकअप तिच्यापाशी हळू झाली. टोपीवाल्या माणसाने काच खाली केली. "मॅडम, गाडी बंद पडली का? सोडू कुठे?"

"दुकानात जातेय," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"ह्या समोरच्या."

तो माणूस भला होता. त्याने एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "कुणाला फोन करू का?"

नेल्डा परत येऊन गाडीत बसली. चपलांना कुसळं चिकटली होती, ती काढत राहिली. मॅरिबेलने एसी वाढवला.

"उभं आयुष्य सांगत आले, समोर आहे, समोर आहे," नेल्डा म्हणाली. "मी स्वतः एकदाही गेले नव्हते गं." मग म्हणाली, "एक माणूस होता. तो मात्र विचारायचा."

"काय?"

"चालत किती मिनिटं?"

वादळाच्या पुरात न्यू ऑर्लिन्स बुडालं त्या वर्षी जी माणसं बसांतून आमच्याकडे येऊन पोहोचली त्यांत मिस्टर अल्सीड ब्रूसार होता. सत्तरी ओलांडलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर गवती हॅट, आणि उभ्या जन्मात गाडी न चालवलेला. घर वाहून गेलं, बायको आधीच गेलेली. चर्चने त्याला नेल्डाच्या पदरात घातला, आणि नेल्डाला वाटलं, आठवड्यात उरकू. कसलं काय. दर जागेशी हा माणूस तोच प्रश्न विचारायचा आणि तिने "पाच मिनिटं" म्हटलं की हॅट नीट करून गाडीतून उतरायचा.

"कुठे निघालात?"

"पाव आणतो."

"अहो, मी नेते ना गाडीने."

"तू रोज येणार आहेस का, पोरी?"

आणि निघायचा. नेल्डा एसी लावून त्याची वाट बघत बसायची, नखं रंगवायची, रेडिओ ऐकायची. कधी तो तासाभराने घामाघूम होऊन परत यायचा, कधी पोलीसच त्याला गाडीतून आणून सोडायचे; मेरिडेलात चालणारा माणूस दिसला की आधी पोलीस थांबतात. पाव मिळालेला नसायचा. "ही नको," तो शांतपणे सांगायचा. अकरा जागा झाल्यावर नेल्डाने हात टेकले. बाराव्या वेळी तिने त्याला चिडूनच रेल्वेच्या जुन्या रुळांपलीकडे नेलं. गाव नुसतं स्टेशनभोवती होतं तेव्हाचा तो भाग. पीकन कोर्ट नावाची आठ खोल्यांची बसकी, कुरूप इमारत. कमिशन शून्य, तरणतलाव नाही, खिडकीत कुरकुरणारे एसी. मालकीण मिसेस कोवार दारातच मटार सोलत बसलेली.

मिस्टर अल्सीड गेला आणि नेल्डाची नखं वाळायच्या आत परत आला. काखेत लांबुळका पाव. त्याने तो मधोमध मोडला आणि अर्धा तिला दिला.

"हीच," तो म्हणाला.

"ह्या खुराड्यात काय पाहिलंत हो तुम्ही?"

"इथून मला माझा पाव आणता येतो."

तिला तेव्हा तो म्हाताऱ्याचा हेका वाटला होता. पण माणूस मनात भरला होता. एका सोडून गेलेल्या भाडेकरूच्या दोन पिवळ्या स्वयंपाकघरी खुर्च्या तिच्याकडे पडून होत्या, त्या तिने ब्यूइकच्या डिकीत घालून त्याला नेऊन दिल्या. "मी एकटा, खुर्च्या दोन," तो म्हणाला होता. "दुसरी कुणाला?" तिने म्हटलं होतं, "येईल की कुणीतरी." मग बरेच सोमवार तीच गेली. त्यांच्या न्यू ऑर्लिन्सकडे सोमवारी राजमा-भात. सकाळपासून पातेलं चुलीवर, त्यात धुरावलेलं मांस, आणि खोलीभर असा वास की भूक खवळायची. तो आपल्या बुडालेल्या गल्लीतल्या माणसांच्या गोष्टी सांगायचा, कोण कुठल्या पायरीवर बसायचं, कोण कुणाला चिडवायचं. त्या दुसऱ्या पिवळ्या खुर्चीवर बसून खाल्लेला तो राजमा नेल्डाच्या जिभेवर अजून होता. मग धंदा वाढला, सोमवार भरत गेले, आणि एका हिवाळ्यात चर्चच्या पत्रकात, वारलेल्यांच्या यादीत, तिने त्याचं नाव वाचलं.

"ती इमारत आहे का अजून?" मॅरिबेलने विचारलं.

"पाडली असेल. तुझ्या फोनमध्ये बघ."

फोनमध्ये पीकन कोर्ट नव्हतंच. पण रुळांपलीकडे ते जसंच्या तसं होतं, आणखी थोडं बसलेलं. मिसेस कोवार गेली होती. तिची मुलगी त्याच दारात त्याच खुर्चीत मटार सोलत बसली होती असं सांगितलं तर खोटं वाटेल, म्हणून खरं तेच सांगतो: ती फोनवर कुणालातरी झापत होती. खोली होती. महिनाअखेर रिकामी होणार होती, कोपऱ्यातली, तळमजल्यावरची. भाडं नेल्डाला झेपेल असं, काटकसर केली तर.

"मायक्रोवेव्ह नाही, कपडे मागच्या शेडमध्ये धुवायचे," मिसेस कोवारच्या मुलीने बजावलं. "आणि पाहिजे तर आजच सांगा, उद्या एक पोरगा येतोय बघायला."

मॅरिबेल नेल्डाकडे बघायला लागली. नेल्डाने भिंतीला हात लावला नाही, पार्किंगकडे पाहिलं नाही. पर्स खांद्याला अडकवली.

"पाव आणते," ती म्हणाली.

"मी येते सोबत."

"तू रोज येणार आहेस का, पोरी?"

इथे फुटपाथ होता. जुना, मुळांनी उचललेला, पण होता. दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या जातीची पीकनची झाडं, सावली पार रस्त्यापर्यंत. नेल्डा कडेच्या नजरेने एकेक फरशी जोखत निघाली. पहिली काही घरं तिने सहज मागे टाकली. मग गुडघ्याने कुरकुर सुरू केली. मग श्वासाने. आयुष्यभर गाडीत बसलेले पाय ते, त्यांना कुठली सवय. समोर दुकान आहे का किती दूर आहे हे तिला दिसत नव्हतं, तिथे तर सगळं पुसलेलंच होतं. ती एका झाडाला हात टेकून उभी राहिली. मागे फिरावं तरी तेवढंच अंतर. जनीनचं म्हणणं खरं होतं, आणि हे असं झाडाला धरून कळावं याचं तिला रडू यायला लागलं. ओहायो तर ओहायो, तिने मनाशी म्हटलं.

तेवढ्यात डोळ्याच्या कडेला काहीतरी पिवळं आलं.

पुढच्याच झाडाखाली बाक होता. साधा लाकडी, हिरव्या गल्लीत भडक पिवळा रंगवलेला. नेल्डा त्याच्यापर्यंत पोहोचली आणि मटकन बसली. शेजारच्या अंगणात एक बाई झाडांना पाणी घालत होती.

"बसा, बसा," ती म्हणाली. "त्यासाठीच आहे. दुकान नि पीकन कोर्टाच्या बरोबर मधे."

"कुणी केला?"

"आम्हीच, गल्लीने. आधी खुर्ची होती. मिस्टर अल्सीडची. मी लहान होते तेव्हा. शेवटी शेवटी त्याला एका दमात दुकान गाठवत नव्हतं, म्हणून आणून ठेवली. ती मोडली तेव्हा आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग बाक केला. रंग मात्र तोच ठेवला."

"त्याला घरात नको होती खुर्ची?"

"त्याच्याकडे दोन होत्या. दुसरीवर बसायला हल्ली कुणी येत नाही, म्हणायचा. मग इथे तरी कुणी बसेल."

नेल्डाने तळहात बाकाच्या फळीवर ठेवला. सावलीतली फळी, गार होती. तिने मान खाली घातली आणि ती रडली, अगदी उघड, लिपस्टिकची पर्वा न करता. बाईने नळ बंद केला.

मॅरिबेलला धीर निघाला नव्हता. ती गाडी घेऊन गोगलगाईसारखी मागे मागे आली होती. तिने काच खाली केली.

"मिस नेल्डा, बसा गाडीत. राहू दे तो पाव."

"नाही," नेल्डा म्हणाली. तिने रुमालाने तोंड पुसलं, पर्समधून चाचपून लिपस्टिक काढली आणि न बघता अचूक लावली. "तू मागे जा आणि त्या कोवारच्या पोरीला सांग, जागा मी घेतली. उद्याच्या पोराला नाही म्हणायला लाव. आणि मी राहायला आले की पहिल्या सोमवारी मुलांना घेऊन जेवायला ये. राजमा-भात करीन. खुर्च्या मात्र तुमच्या तुम्हाला आणाव्या लागतील."

"आणि तुम्ही?"

"माझं अर्धंच झालंय अजून," म्हणत ती बाकाला धरून उठली आणि दुकानाच्या दिशेने चालायला लागली.